शेण चुलींत कीं शेतांत ?

प्रत्येक शेतकऱ्याच्या दारीं रोज सकाळीं एक वाद न बोलतां चाललेला असतो. गोठ्यांतलें शेण एकच. घरधनीण तें गोवऱ्यांसाठीं मागते, धनी उकिरड्यासाठीं. ज्या घरीं सरपणाची टंचाई, तेथें गोवरी जिंकते आणि जमीन हरते. सिलिंडर घरांत आला तरी पाणी तापविण्याची चूल अद्याप पुष्कळ ठिकाणीं गोवरीवरच पेटते, हें वाचकांस सांगावयास नको.

गोवरी जळाली म्हणजे स्फुरद व पालाश राखेंत बरेचसे उरतात, पण नत्र धुराबरोबर जातो आणि जमिनीस भुसभुशीत ठेवणारें सेंद्रिय द्रव्य नाहींसें होतें. एवढें देऊन मिळतें काय ? साध्या चुलींत निघालेल्या उष्णतेचा सुमारें दहावा हिस्साच भांड्यास लागतो; बाकीची भिंतीस, हवेस आणि स्वयंपाक करणारीच्या डोळ्यांस. उकिरडाही निर्दोष नव्हे. उघड्या ढिगांतील नत्र उन्हानें उडतो, पावसानें वाहून जातो. इंदूर येथें आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं शेतांतील काडीकचऱ्यास विरजणापुरतें शेण लावून उत्तम खत करण्याची रीत बसविली व 1931 सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. तिनें खताचा प्रश्न सुटतो. चुलीचा मात्र तसाच राहतो.

दोन्ही प्रश्न एकदम सोडविणारें साधन म्हणजे गोबरगॅस. कल्पना नवी नव्हे. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमांत 1897 सालीं मैल्यापासून असा वायु काढिला होता. दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेंत 1939 च्या सुमारास देसाई यांनीं शेणावर प्रयोग केले. 1951 मध्यें जशभाई पटेल यांनीं तरंगत्या टाकीचा संच तयार केला, आणि पुढें खादी आयोगानें तो गांवोगांव नेला. 1984 पासून विटांच्या स्थिर घुमटाचा ‘दीनबंधु’ संच आला. त्यांत लोखंडी टाकी नसल्यानें गंज चढण्याची भीति नाहीं. मात्र घुमटाचा गिलावा निर्दोष हवा.

हवाबंद खड्ड्यांत शेण कुजतें तेव्हां एका जातीचे जंतु त्याचें आम्ल करितात व दुसऱ्या जातीचे त्या आम्लापासून मिथेन वायु बनवितात. हे दुसरे मोठे नाजूक. एकाच दिवशीं दुप्पट शेण ओतलें कीं आम्ल सांचतें आणि काम थांबतें. दोन घनमीटरांच्या संचास रोज सुमारें 50 किलो ताजें शेण व तितकेंच पाणी लागतें. त्यावर पांचसहा माणसांचा स्वयंपाक होतो. यासाठीं मोठीं जनावरें चार-पांच हवींत. पण हा हिशेब बांधून ठेवलेल्या गुरांचा आहे. चरावयास जाणारें गुरूं निम्में शेण रानांत टाकून येतें, हें विसरून मोठा संच बांधणारे पुढें रिकाम्या शेगडीकडे पाहत बसतात.

आमच्या येथील पहिला संच दोन वर्षांतच बंद पडला. आम्हीं गवंड्यास दोष दिला. तो व्यर्थ होता. शेणांत कडब्याचीं चिपाडें जात होतीं, त्यांचा जाड थर वर बसला. शिवाय गोठा धुतलेलें फिनेलचें पाणी सरळ त्याच नाळींत उतरत होतें. औषधानें जंतु मरावयाचेच.

संच साफ करण्याची वेळ आली तर घरच्या कोणीही आंत उतरूं नये. आंतील वायूंत माणूस क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्यास काढावयास उतरलेला दुसराही. विहिरींत दिवा सोडून पाहण्याची आपली जुनी रीत येथें तर प्राणघातक, कारण हा वायु पेट घेतो. राबडी बाहेरूनच पंपानें उपसावी; पुढचें काम साधनें असलेल्या जाणत्या माणसांकडे द्यावें.

आतां खत. वायु गेला म्हणून खत गेलें, अशी शंका पुष्कळांस येते. वायूंत जातो तो मुख्यतः कर्ब. नत्र, स्फुरद व पालाश राबडींत जवळजवळ सर्व राहतात. नत्राचा कांहीं भाग अमोनियाच्या रूपांत असल्यानें पीक तो लवकर घेतें. म्हणूनच राबडी उन्हांत वाळवूं नये. वाळतांना तोच भाग उडून जातो. ती पाण्याच्या पाटांतून पिकास द्यावी, किंवा त्याहून बरें, कचऱ्याच्या खड्ड्यांत थराथरानें मुरवावी. ऊसवाल्यांनीं खोडव्याच्या वेळीं पाचट पेटवूं नये. सरींत दाबून त्यावर ही राबडी सोडावी. कोरडें पाचट एकटें कुजावयास नत्र अपुरा पडतो. तो येथें आयता मिळतो.

जागा उन्हाची, गोठ्याजवळची पण पिण्याच्या विहिरीपासून दूर निवडावी. झाडाखालीं संच बांधूं नये, मुळ्या भिंती फोडतात. थंडींत वायु कमी होतो. तेव्हां शेण कालवण्यास कोमट पाणी घ्यावें. नळीस उतार देऊन सखल जागीं सांचलेलें पाणी काढण्याची तोटी बसवावी, नाहींतर ज्योत फडफडते. पहिल्या भरणानंतर निघणारा वायु बहुधा पेटतही नाहीं, व त्यांत हवा मिसळलेली असल्यानें तो धोक्याचा असतो. तो पेटवून न पाहतां उघड्यावर सोडून द्यावा व पुन्हां टाकी भरेपर्यंत थांबावें.