आठवीनंतरचा डबा

अंजनगाव सुर्जीच्या एका शाळेत नववीच्या वर्गापुढे आहारावर बोलण्याचा योग नुकताच आला. प्रारंभीच विचारले, "आज सकाळी काय खाऊन आलात?" बहुतेक मुलींचे उत्तर एकच, चहा. खेड्यावरून येणाऱ्यांची एस.टी. लवकर असते, तोवर चुलीवर तवा चढलेला नसतो.

वाचकहो, सरकारी व अनुदानित शाळांत सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलास पोषण आहारातून रोज १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी देण्याची तरतूद आहे. १९९५ साली सुरू झालेली ही योजना आठवीपाशी थांबते, आणि शरीराची मागणी तर नेमकी याच वयात वाढलेली असते. १३ ते १५ वर्षांच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. अभ्यासात लक्ष न लागणे, जिना चढताना धाप लागणे यांमागे पुष्कळदा हेच कारण असते, आणि पालक त्याला आळस समजतात.

पूर्वी मी जीवनसत्त्वांचे तक्ते घेऊन जाई व मुले जांभया देत. आता डबे उघडायला लावतो. त्या दिवशी एका मुलीने ज्वारीची भाकर नि अंबाडीची भाजी झाकणाआड लपवली. तिला लाज वाटत होती, शेजारणीकडे मैद्याची बिस्किटे होती ना! वर्गातला उत्तम डबा तिचाच होता. फक्त त्यात लिंबाची फोड हवी होती. भाजी-धान्यातले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. 'क' जीवनसत्त्व त्याला मदत करते, तर जेवणाला लागून घेतलेला चहा अडथळा आणतो. आपल्या भागात संत्र्याच्या बागा आहेत. हंगामात जेवणानंतर एक संत्रे खावे, एरवी लिंबू आहेच. चहा तासाभराने घ्यावा. मोड आलेली मटकी किंवा मूठभर फुटाणे-गूळ सकाळी घाईतही खाता येतात.

एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी धिटाईने म्हणाली, "सर, निळी गोळी खाल्ली का मळमळते, म्हणून आम्ही फेकून देतो."

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक ॲसिड असते. ती उपाशीपोटी घेतली तर मळमळणारच! शौचाला काळे होते, त्याने मात्र घाबरू नये. गोळी कधी देता, असे मी शिक्षकांना विचारले. प्रार्थनेनंतर लगेच, असे कळले.

आता तेथे ती मधल्या सुटीत, डबा खाऊन झाल्यावर वाटतात.