सरकारविरुद्ध उभं राहण्यात आयुष्य निघतं का?

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगरमध्ये कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला मानवी हक्कांच्या खटल्यांतच काम करायचं आहे. घरचे म्हणतात, सरकारशी वैर घेऊन कुणाचं भलं झालंय? हे काम आयुष्यभर कुणी केलंय का, की तो चार दिवसांचा उत्साह असतो? आणि आपल्या शहरात राहून ते करता येतं का?
— विधी शाखेची एक विद्यार्थिनी

उत्तर : केलंय, आणि एका मराठी माणसानं केलंय. विठ्ठल महादेव तारकुंडे. जन्म सासवडचा, १९०९ सालचा. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले आणि १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. निवृत्तीला अवधी असतानाच १९६९ मध्ये ते पद सोडून दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. तुम्हाला ज्या कामाविषयी विचारायचं आहे, त्याचा मोठा भाग यानंतरचा आहे. म्हणजे बहुतेक माणसं निवृत्तीचे बेत करतात, त्या साठीत या माणसाचं खरं काम सुरू झालं.

आणीबाणीत देशभर हजारो माणसं विनाचौकशी अटकेच्या ‘मिसा’ कायद्याखाली आत होती. अटक बेकायदा असेल तर कैद्याला कोर्टापुढे दाद मागता येते का, एवढाच प्रश्न होता. नऊ उच्च न्यायालयांनी ‘येते’ असं सांगितलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. कैद्यांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या वकिलांत तारकुंडे होते. न्यायमूर्ती हंसराज खन्नांनी सरकारी वकिलाला विचारलं की, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कुणाला ठार मारलं तर काय? तरीही आणीबाणी असेपर्यंत उपाय नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल लागला आणि कैदी हरले. विरोधात लिहिणारे एकटे खन्ना, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला दिलं गेलं. तो निकाल चूक होता असं सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हणायला २०१७ उजाडलं. एकेचाळीस वर्षं लागली, आणि तारकुंडे तर २००४ मध्येच गेले होते. या क्षेत्रात येताना हा हिशेब डोक्यात असू द्या.

पण मला त्यांच्या आयुष्यातला याच्या पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७४ मध्ये जयप्रकाशांबरोबर त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ काढली होती. १९७६ मध्ये नागरी स्वातंत्र्यासाठी आणखी एक संघटना उभी राहिली, तीच पुढची पीयूसीएल. १९७७ मध्ये इंदिरा गांधी हरल्या, जनता पक्ष आला आणि संघटना थंडावली. आपली माणसं सत्तेत आहेत, आता भांडायचं कुणाशी, असं अनेकांना वाटलं. तारकुंड्यांना तसं वाटलं नाही. त्याच वर्षी ते आंध्रातल्या ‘चकमकीं’ची चौकशी करायला गेले. मेदक जिल्ह्यातल्या गिरायपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये चार नक्षलवादी तरुण मारले गेले होते. पोलीस म्हणत, चकमक झाली. तारकुंडे समितीनं नातेवाइकांना आणि साक्षीदारांना गाठून एकेकाचं म्हणणं लिहून घेतलं. त्या कामात हैदराबादचे वकील के. जी. कन्नाबिरन त्यांच्या सोबत होते. समितीनं हे खून आहेत असं म्हटलं, तेव्हा सरकारला न्यायालयीन आयोग नेमावा लागला. पुढे सरकारनं आयोगाची सुनावणी बंद दारांआड नेली आणि ती वाट तिथंच खुंटली. पण जबान्या लिहिलेल्या होत्या. त्या राहिल्या.

तारकुंडे स्वतः नक्षलवादी नव्हते, नक्षलवाद त्यांना मान्यही नव्हता. १९८५ मध्ये पंजाबातल्या अत्याचारांवरचा अहवाल त्यांच्या प्रस्तावनेसह निघाला आणि त्यावर बंदी आली. खलिस्तानही त्यांना मान्य नव्हतं. ज्याचे विचार पटत नाहीत, त्याच्याही जिवाला आणि कोर्टात जाण्याच्या त्याच्या हक्काला तेच माप लावायचं, ही या कामाची खरी कसोटी आहे. सत्तेत कोण आहे हे पाहून ज्यांचा आवाज चढतो आणि उतरतो, त्यांना मी हक्कांचे वकील म्हणणार नाही.

आता आपल्या शहराविषयी. इथं राहून हे काम करता येतं. तुम्ही रोज ज्या जालना रोडवरून जाता, तिथं हायकोर्टाचं खंडपीठ आहे, ही केवढी सोय आहे! १९८१ पूर्वी मराठवाड्यातल्या माणसाला हायकोर्टासाठी थेट मुंबई गाठावी लागे. त्याही आधी, निजामाच्या राज्यात, गश्ती निशाण ५३ नावाच्या हुकमानं परवानगीशिवाय सभा घेण्यावर बंदी होती. याच भागातल्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, २०२० मध्ये नागरिकत्व कायद्याविरुद्ध शांततेनं धरणं धरायला परवानगी नाकारली गेली. तेव्हा औरंगाबाद खंडपीठानं तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला विरोध केला म्हणून कुणाला देशद्रोही म्हणता येत नाही, असं बजावलं. न्यायमूर्ती नलावडे आणि सेवलीकर यांचं ते निकालपत्र मिळवून वाचा.

दुसरं वाचा ते परभणीचं. सोमनाथ सूर्यवंशी तुमच्यासारखाच कायद्याचा विद्यार्थी होता. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, बंदला हिंसक वळण लागलं, धरपकड झाली आणि १५ डिसेंबरला सोमनाथ कोठडीत असताना वारला. त्याला श्वसनाचा आजार होता, मारहाण झाली नाही, असं सरकारनं विधानसभेत सांगितलं. इथल्या घाटी रुग्णालयात झालेल्या शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याची नोंद होती. त्याच्या आईनं खंडपीठात याचिका केली आणि प्रकाश आंबेडकर स्वतः वकील म्हणून उभे राहिले. त्यांचा एक मुद्दा तुमच्या उपयोगाचा आहे. कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करावी असं कायदा सांगतो, पण अहवाल आल्यावर पुढे कुणी काय करायचं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही. अहवाल धूळ खात पडतात ते याच फटीमुळे. न्यायमूर्ती कंकणवाडी आणि देशमुख यांनी ४ जुलै २०२५ ला पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथं ३० जुलैला तो आदेश कायम झाला. गुन्हा नोंदणं म्हणजे शिक्षा होणं नव्हे, पण एका आईच्या अर्जानं इतकं झालं.

पोटाचं काय, असं घरचे विचारतील, आणि त्यांचं विचारणं बरोबर आहे. कोठडीत मेलेल्या माणसाच्या घरून फी येत नाही. त्यामुळे हे काम करणारे वकील जामीन, जमिनी, कामगारांचे दावे यांवर घर चालवतात आणि त्यातून वेळ काढतात. तुम्हालाही पहिली काही वर्षं तेच करावं लागेल. त्यात कमीपणा मानू नका, कारण जामिनाच्या कामातच अटकेचा कागद वाचायला शिकता येतं. धोक्याविषयीही घरी खरं ते सांगा. आरोपींची बाजू मांडणारे शाहिद आझमी ११ फेब्रुवारी २०१० ला मुंबईत, कुर्ल्याच्या आपल्या कार्यालयात गोळ्या घालून मारले गेले. वय ३२.

सुरुवात लहान करा. सनद आणि लागतो तेवढा वकिलीचा अनुभव मिळाला की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांच्या यादीत नाव नोंदवा, हर्सूल जेलमधल्या कच्च्या कैद्यांची कामं मागून घ्या. प्रत्येकाची अटकेची वेळ आणि न्यायदंडाधिकाऱ्यापुढे नेल्याची वेळ ताडून पाहा. राज्यघटनेनं चोवीस तास दिलेत. कोर्टापुढे नेलं तेव्हा अंगावर जखमा होत्या का, आणि त्याची नोंद झाली का, हे कैद्याला एकट्याला गाठून विचारा. वैद्यकीय तपासणीची प्रत मागा. नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.