‘अ‍ॅबिलिटी’ म्हणजे काय? अर्थ व समानार्थी शब्द

‘अ‍ॅबिलिटी’चा अर्थ शब्दकोशात क्षमता, सामर्थ्य, पात्रता असा मिळतो. मुलांना मात्र मी सोपं सांगते, ‘करता येणे’. पऱ्हे उपटता येतात, रोवणी करता येते, हीसुद्धा अ‍ॅबिलिटीच. आपल्या भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातल्या मुलांना हे लगेच कळतं.

समानार्थी म्हणून कपॅसिटी, स्किल, टॅलेंट हे शब्द देतात, पण ते सरसकट एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पवनीजवळच्या गोसेखुर्द धरणात किती पाणी मावतं, ती त्याची कपॅसिटी. तिथे अ‍ॅबिलिटी चालणार नाही. स्किल सरावाने येतं, टॅलेंट उपजत मानतात.

विरुद्धार्थी शब्दात मुलं हमखास चुकतात. ‘एबल’चं ‘अनेबल’ होतं, म्हणून ती ‘अनॅबिलिटी’ लिहितात. बरोबर शब्द ‘इनॅबिलिटी’, म्हणजे एखादी गोष्ट न जमणे. ‘डिसॅबिलिटी’ म्हणजे दिव्यांगत्व, हा वेगळाच शब्द. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचे 21 प्रकार दिले आहेत.

हा फरक आपल्या नोंदीतही हवा. आठवडी बाजारात भाजी विकून उरलेले पैसे बिनचूक परत करणारं मूल वहीत वजाबाकी चुकवतं आणि आपण लिहितो, ‘वजाबाकीची क्षमता नाही’. मला हा शेरा पटत नाही. ‘तोंडी येते, हातच्याची मांडणी चुकते’ असं लिहिलं तर घरी काय करून घ्यायचं हे पालकांनाही कळतं.