ग्रंथालयातील पुस्तकावर हरकत आली असता

ह्या आठवड्याच्या पाठाचा विषय आमच्या नित्याच्या विषयांहून थोडा निराळा आहे. आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतील मुले व मुली ख्रिस्ती महाविद्यालयांत व विद्यापीठांत शिकावयास जातात. सुटीत ती घरी येतात, तेव्हा त्यांच्या सामानात ग्रंथालयाचा शिक्का असलेली पुस्तके असतात. एखादा बाप त्यांतील एक सहज उघडतो, आणि त्यात प्रभूच्या चमत्कारांविषयी शंका घेतलेली त्यास आढळते. तो व्याकूळ होऊन पाळकांकडे जातो व विचारतो, "ख्रिस्ती लोकांच्या दानावर उभ्या राहिलेल्या संस्थेत असले पुस्तक कशाला?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे लेकराच्या आत्म्याची काळजी आहे. यास्तव अशी हरकत कोणी कशी करावी, आणि विद्यापीठाने ती कशी ऐकावी, ह्याचा आपण विचार करू. पाठास आरंभ करण्यापूर्वी यिर्मयाचा ३६ वा अध्याय आणि प्रेषितांच्या कृत्यांचे १७ वा व १९ वा हे अध्याय घरी वाचावेत.

१. पवित्र शास्त्राचा बोध

पुस्तके जाळण्याचा विषय निघाला की कित्येकांस इफिस शहर आठवते. तेथे जादूटोणा करणाऱ्यांनी ५०,००० रौप्यमुद्रांच्या किमतीची पुस्तके जाळली, हे खरे. परंतु ती कोणाची होती, हे नीट पाहावे. ती त्यांची स्वतःची होती. पश्चात्ताप झाल्यावर त्यांनी ती आपल्या हातांनी आणली. पौल दुसऱ्याच्या घरात शिरून कपाटे धुंडाळीत हिंडला नाही.

त्याच पौलाने अथेनै येथे भाषण केले, तेव्हा ग्रीक कवींच्या वचनांचा आधार घेतला. ती वचने त्यास माहीत नसती, तर त्या लोकांच्या मनाचे दार त्याने कसे ठोठावले असते? मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत प्रवीण होता. दानीएल खास्द्यांची विद्या व भाषा शिकला, तथापि त्याने आपल्या देवाची प्रार्थना सोडली नाही. बिरुया येथील लोकांची तर स्तुतीच केली आहे. कारण पौलासारख्याचे बोलणेही त्यांनी शास्त्र शोधून पारखून घेतले.

उलट बाजूस यहोयाकीम राजा पाहा. यिर्मयाच्या ग्रंथाचे तीन-चार रकाने वाचून होताच तो ते चाकूने कापी व शेगडीत टाकी. तीन सरदारांनी विनंती केली, तरी त्याने ऐकले नाही. शेवटी बारूखाने तो ग्रंथ पुन्हा लिहिला, व त्यात आणखी वचनांची भर पडली. न आवडलेला ग्रंथ कापून टाकणे हे ज्ञानाचे लक्षण नव्हे, हा ह्या अध्यायाचा बोध होय.

२. सेरामपूरचे उदाहरण

असा वाद आपल्या देशात नवा नाही. बंगाल्यात सेरामपूर येथे विल्यम केरी, जोशुआ मार्शमन व विल्यम वॉर्ड ह्यांनी १८१८ साली महाविद्यालय स्थापिले. १८२७ साली डेन्मार्कच्या राजाने सनद देऊन त्यास पदव्या देण्याचा अधिकार दिला. आपल्या महाराष्ट्रातील कित्येक पाळकांची पदवी सेरामपूरचीच आहे. आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली मराठीचा कोश प्रसिद्ध करणारे केरी तेच हे.

पूर्वेकडील वाङ्मय व पश्चिमेकडील विज्ञान ही दोन्ही शिकवावीत, असा ह्या संस्थापकांचा हेतू होता. त्यांच्याच छापखान्याने त्यापूर्वी, १८०६ ते १८१० ह्या काळात, रामायणाचा काही भाग इंग्रजी भाषांतरासह छापला होता. ते रामायणाचे भक्त होते म्हणून त्यांनी हे केले नाही. ज्या लोकांना सुवार्ता सांगावयाची, त्यांचे मन जाणल्यावाचून बोलणे व्यर्थ, हे ते ओळखून होते.

पुढे वॉर्ड ह्यांनी अमेरिकेत जाऊन महाविद्यालयासाठी निधी मिळविला; परंतु हा पैसा विज्ञान शिकविण्याकडे खर्चू नये, अशी अट तिकडून आली. ते दाते दुष्ट नव्हते. आपले दान आत्म्यांच्या तारणाकडेच लागावे, ही त्यांची इच्छा होती. केरी ह्यांनी गुपचूप अट मोडली नाही, की भिऊन मौनही धरले नाही. विज्ञानावाचून सेवक कसे तयार होणार, आणि तुम्ही आपल्या देशात तसे करता काय, असे त्यांनी पत्राने उघड विचारले. हरकतीस कारणांसह उघड उत्तर द्यावे, हा धडा त्यांपासून घ्यावा.

३. हरकत ऐकण्याची रीत

अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघाने १९३९ साली असे जाहीर केले की, लेखकाचा वंश, राष्ट्र किंवा धार्मिक व राजकीय मते पाहून पुस्तकांची निवड होऊ नये. हा नियम सार्वजनिक ग्रंथालयांकरिता होता. ख्रिस्ती विद्यापीठ आपला विश्वास उघडपणे कबूल करिते; यास्तव काय घ्यावे व कशासाठी, हे ठरविण्याची त्यास मोकळीक आहे. पण ते धोरण आधी लिहून ठेविलेले असावे. हरकत आल्यावर घाईने रचू नये.

पुढील रीत आम्हांस योग्य वाटते.

पहिली गोष्ट, हरकत घेणाऱ्यास बसवून शांतपणे ऐकावे. तो शत्रू नव्हे, बंधू आहे.

दुसरी, हरकत लेखी घ्यावी. कोणते पुस्तक, कोणते पान, त्याने काय हानी होईल, आणि अर्जदाराने ते सबंध वाचले आहे काय, हे त्यात असावे.

तिसरी, चौकशी होईपर्यंत पुस्तक जागच्या जागी राहू द्यावे. निकालाआधी शिक्षा हा न्याय नव्हे.

चौथी, ग्रंथपाल, त्या विषयाचे प्राध्यापक व शास्त्राचे शिक्षक अशा थोड्या जणांनी ते पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचावे.

पाचवी, निर्णय कारणांसह लेखी कळवावा. आणि तो मान्य नसल्यास वरिष्ठ मंडळाकडे जाण्याची वाट मोकळी असावी.

प्रत्येक हरकत फोल असते, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांस जातीवरून नीच म्हणणारी पुस्तके छापली गेली आहेत. असे पुस्तक इतिहासाच्या अभ्यासकास लागेल. पण ते नव्या विद्यार्थ्याच्या हाती स्पष्टीकरणावाचून पडणे बरे नव्हे. ते मागितल्यावर देण्याच्या कपाटात ठेवावे, किंवा त्याचे खंडन करणारा ग्रंथ शेजारी ठेवावा. ग्रंथालयात पुस्तक असणे म्हणजे संस्थेने त्यास आमेन म्हणणे नव्हे. वैद्य विषाचे गुणधर्म शिकतो, तो विष वाटण्याकरिता नव्हे.

४. त्या बापाने काय करावे

आता त्या बापाकडे परत येऊ. त्याने पुस्तक हिसकावून घेतले, तर मुलगा पुढचे पुस्तक लपवून आणील. पुस्तक कपाटातून गेले तरी शंका मनातून जाणार नाही. फक्त ती बापाला कळणार नाही. त्यापेक्षा त्याने मुलाजवळ बसावे व म्हणावे, "बाळ, हे मला वाचून दाखीव. तुला ह्यात काय पटते?" स्वतःला उत्तर सुचले नाही, तर दोघांनी मिळून पाळकांकडे जावे. आपल्या लेकरास काय वाचावयास द्यावे, हे ठरविण्याचा बापास अधिकार आहे; सर्वांच्या लेकरांविषयी ठरविण्याआधी त्याने वरील रीतीने विद्यापीठास कळवावे व उत्तराची वाट पाहावी.

जो सत्य आहे, त्याला प्रश्नांचे भय नाही. त्याच्यावर आमचा भरवसा असेल, तर आम्ही कपाटांना कुलुपे घालण्यापेक्षा मुलांशी बोलण्यास अधिक वेळ देऊ.

विचारासाठी प्रश्न : (१) इफिस येथील लोक व यहोयाकीम राजा ह्यांच्या कृत्यांत भेद कोणता? (२) आपण न वाचलेल्या पुस्तकाची किंवा न ऐकलेल्या माणसाची निंदा आपण कधी केली आहे काय? (३) आपल्या मंडळीतील विद्यार्थी आपल्या शंका कोणाजवळ बोलतात?