वेबहूक दारात येण्याआधी

भाच्या, गिटहबवर कोड पुश झाला की साइट आपोआप ताजी व्हावी म्हणून तू गिटहबचा वेबहूक घेणारा छोटा सर्व्हर लिहितोयस, हे ताईकडून कळलं. छान वाटलं. चिखलीत घरी बसून हे सगळं मी आधी करून बसलोय, म्हणून चार गोष्टी सांगतो.

१. घरच्या लॅपटॉपचा 'लोकलहोस्ट' गिटहबला दिसत नाही, तेव्हा आधी टनेल लाव आणि मगच चाचणी घे — नाहीतर बरोबर असलेल्या कोडातच चूक शोधत बसशील.

२. वेबहूकचं सीक्रेट लांबलचक ठेव आणि ते कोडात लिहू नकोस — फाइलमधून पुसलं तरी जुन्या कमिटमध्ये ते राहतंच. चुकून गेलंच, तर लगेच नवं कर.

३. 'एक्स-हब-सिग्नेचर-२५६' हेडरमधली, याच सीक्रेटने केलेली सही आलेल्या मूळ बॉडीवरच तपास, जेसन उलगडण्याआधी — एक स्पेस हलली तरी हॅश बदलतो. मी दोन रात्री सीक्रेट बदलत राहिलो, आणि खरी चूक एवढीच की जेसन उलगडून, पुन्हा बांधून तपासत होतो. पुडी सोडली की वजन बदलतं, बाळा.

४. सह्या जुळवायला साधं '==' नको, पायथनचं 'कम्पेअर_डायजेस्ट' घे — साध्या तुलनेला लागणाऱ्या वेळेवरूनही सहीचा अंदाज बांधता येतो.

५. आधी '२०२' देऊन मोकळा हो, डिप्लॉय मागे रांगेत लाव — गिटहब १० सेकंदच वाट बघतो. पोच आधी, पंगत नंतर. रेणुकामातेच्या यात्रेत दर्शनाची रांग लागते ना, तसं एकेक काम पुढे जाऊ दे.

६. हूक जोडताच पहिला येतो तो 'पिंग', त्यावर डिप्लॉय नको. पुशमध्येही शाखा 'मेन'च आहे ना, ते बघ — कुणाचं अर्धं शिजलेलं काम ताटात यायला नको.

७. शाखेचं नाव किंवा कमिटचा मजकूर शेलच्या आज्ञेत कधीच चिकटवू नकोस — तो दुसऱ्याच्या हातचा मजकूर आहे.

८. लाईट गेली, सर्व्हर बंद पडला, की हुकलेला निरोप गिटहब आपणहून पुन्हा पाठवत नाही. लाईट आल्यावर रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये 'रिसेंट डिलिव्हरीज' उघड, लाल खूण दिसली तर 'रीडिलिव्हर' दाब — ही सोय ३ दिवसच असते, शुक्रवारी सकाळचा निरोप सोमवारी दुपारी हाती लागत नाही. आणि प्रत्येक डिलिव्हरीचा क्रमांक टिपून ठेव. पुन्हा पाठवलेला निरोप तोच क्रमांक घेऊन येतो, म्हणजे एकच डिप्लॉय दोनदा होणार नाही.