गाइल्सचा जोडीदार, हॅरिसचा प्रतिस्पर्धी

प्रश्न : मुलगा नववीत गेला. गाइल्स शील्डमधला त्याचा सलामीचा जोडीदार हॅरिस शील्डसाठी दुसऱ्या शाळेत गेलाय. दोघांत अबोला आहे. काय करू?

उत्तर : ताई, मध्ये पडू नका. मुंबईच्या या आंतरशालेय क्रिकेट स्पर्धांपैकी गाइल्स १४ वर्षांखालची, हॅरिस १६ खालची; समोरचे गोलंदाज अचानक दांडगे दिसू लागतात. ती धास्ती मित्रावरच्या रागातून बाहेर पडते. शाळा बदलणं म्हणजे गद्दारी नव्हे. सचिन तेंडुलकरनेही क्रिकेटसाठीच वांद्र्याची शाळा सोडून दादरचं शारदाश्रम गाठलं; १९८८ मधली विनोद कांबळीबरोबरची ६६४ धावांची नाबाद भागीदारी त्याच शाळेकडून झाली. शिवाय हे सामने जिथे होतात त्या आझाद मैदानात खेळपट्ट्या इतक्या खेटून आहेत, की एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्याच्या पंचाशेजारी उभा असतो. तिथे अबोला फार टिकत नाही. सामन्यानंतर दोघांच्या वडापावचे पैसे मुलाच्या खिशात ठेवा. घरात मात्र मित्राच्या धावा मोजून दाखवू नका. मुलं मैदानातला पराभव विसरतात, घरातली तुलना विसरत नाहीत.