कृष्णेच्या उगमापाशी

आपला भारत देश विशाल आहे. हिमालयाच्या शिखरांपासून कन्याकुमारीच्या सागरतीरापर्यंत प्रवाशाने पाहावीत अशी स्थळे ठिकठिकाणी विखुरलेली आहेत. कोठे निसर्गाचे वैभव दिसते, कोठे इतिहासाची साक्ष मिळते, तर कोठे तीर्थाचे पावित्र्य अनुभवास येते. ही तिन्ही एकाच डोंगरमाथ्यावर पाहावयाची असतील, तर सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरास जावे.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांची सहल घेऊन तेथे गेलो होतो. आमची शाळा सांगलीजवळ, कृष्णाकाठी होती. वाई सोडून पसरणीचा घाट चढू लागताच हवेत गारवा आला. पाचगणी मागे पडली आणि पुढे दाट झाडी लागली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या भिंतीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच रिता करतात. म्हणून येथे वर्षाला ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. घाटाखालच्या वाईस मात्र १,००० मिलिमीटरही लाभत नाही.

पश्चिमेच्या कड्यावर उभे राहिलो, तो समोर प्रतापगड दिसला. १६५६ साली जावळी जिंकल्यावर शिवाजी महाराजांनी तो बांधविला आणि १६५९ साली त्याच्याच पायथ्याशी अफझलखानाचे संकट निवारले. त्या वेळी हेच अरण्य आणि याच अवघड वाटा स्वराज्याच्या पाठीशी उभ्या होत्या.

तेथून आम्ही क्षेत्र महाबळेश्वरी आलो. येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडत होती. एका शेतकऱ्याच्या मुलाने तिच्याखाली ओंजळ धरली आणि विचारले, “गुरुजी, ही एवढीशी धार म्हणजेच आपली कृष्णा?”

“होय, बाळ,” मी म्हणालो. “येथून अरबी समुद्र अवघा ६५ किलोमीटरांवर आहे. सावित्री त्याच्याकडे धावते. पण कृष्णा त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. माहुलीस तिला वेण्णा भेटते, कराडास कोयना भेटते. मग ती आपल्या गावावरून पुढे जाते आणि सुमारे १,४०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते.”

“मग उन्हाळ्यात पाऊस नसताना ही धार कशी टिकते?”

“हा डोंगरमाथा जांभ्या खडकाचा आहे. त्यात बारीक छिद्रे असतात. झाडांची मुळे आणि पालापाचोळा पावसाला थोपवून धरतात, तेव्हा पाणी जांभ्यात मुरते. खालच्या कठीण काळ्या खडकावर ते अडते आणि झरा होऊन बाहेर येते. वन गेले, तर पाणी मुरायचे सोडून कड्यावरून धावत सुटेल आणि झरे आटतील.”

दुपारी एका झाडाखाली आम्ही शिदोऱ्या सोडल्या. जेवणे झाली आणि मुले खेळू लागली. उतारावर कागद व पिशव्या तशाच पडल्या होत्या. तो मुलगा एकेक कागद वेचू लागला. एक सोबती हसून म्हणाला, “अरे, येथे कोण पाहणार आहे?”

तो शांतपणे म्हणाला, “कोणी नाही. पण पहिल्या पावसात हे सारे आपल्याच नदीत येईल.”

क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग एकामागून एक मुले वाकली. मीही वाकलो. डोंगर व नदी यांचे नाते मी शब्दांनी सांगितले होते. त्याने ते कृतीने शिकविले.

२००१ साली भारत सरकारने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित केला. तेथील बांधकामास व वृक्षतोडीस बंधने आली. परंतु कायद्याचा पहारा प्रत्येक झाडापाशी कसा उभा राहणार? मुलांनो, तुम्हीही एके दिवशी देश पाहावयास निघाल. जेथे जाल तेथे सौंदर्य डोळे भरून पाहा. पण या डोंगराच्या पाण्यावर कोणाकोणाची तहान भागते, हेही एकदा स्वतःस विचारा. ज्याला हा प्रश्न पडतो, तोच खरा प्रवासी.

स्वाध्याय

१. महाबळेश्वरास पाऊस अधिक आणि वाईस कमी का पडतो?
२. ‘त्याने ते कृतीने शिकविले’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. तुमच्या गावचे पाणी कोठून येते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.